ओकची नवी लागवड : पाणी घालणे आणि ओल राखणे
(उत्तराखंडातील बांज वृक्षाच्या विशेष संदर्भात)

सारांश

वृक्षलागवडीचे यश बहुधा लावलेल्या रोपांच्या संख्येवरून मोजले जाते. रोपाचे भवितव्य मात्र लागवडीच्या दिवशी ठरत नाही, ते त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ठरते. या काळात मुळांभोवतीच्या मातीत पुरेशी ओल टिकते की नाही, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. प्रस्तुत लेखात ओक वृक्षाच्या नव्या रोपांची पाण्याची गरज, त्यामागील वनस्पतिशास्त्रीय कारणे आणि संगोपनाच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी उत्तराखंडातील बांज या ओकच्या जातीचे उदाहरण घेतले आहे. ज्या डोंगरउतारावर पाणी डोक्यावरून वाहून न्यावे लागते, तेथे 'पाणी घालणे' हा उपाय अपुरा पडतो आणि 'ओल राखणे' हाच खरा मार्ग ठरतो, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : ओक, बांज, सोटमूळ, वाफसा, आच्छादन, चाल-खाल, रोपांची जगवणूक

१. प्रस्तावना

ओक हा फॅगेसी कुलातील क्वेर्कस या प्रजातीचा वृक्ष होय. उत्तर गोलार्धात या प्रजातीच्या सुमारे ४३० जाती आढळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ओक वृक्षांच्या लाल यादीनुसार यांपैकी अंदाजे ३१ टक्के जातींचे अस्तित्व धोक्यात आहे. त्यामुळे अनेक देशांत ओकच्या लागवडीचे कार्यक्रम हाती घेतले गेले आहेत. भारतात ओकचे नैसर्गिक क्षेत्र मुख्यतः हिमालय आणि ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश हे आहे. दख्खनच्या पठारावर अथवा सह्याद्रीत हा वृक्ष निसर्गतः आढळत नाही. महाराष्ट्रात 'सिल्व्हर ओक' या नावाने ओळखला जाणारा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातील ग्रेव्हिलिया असून त्याचा खऱ्या ओकशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

उत्तराखंडात बांज, तिलौंज, खरसू, रियांज आणि फल्यांट अशा ओकच्या जाती आढळतात. त्यांपैकी बांज हा सुमारे १,२०० ते २,३०० मीटर उंचीच्या पट्ट्यातील, म्हणजे गावांच्या अगदी जवळचा वृक्ष आहे. त्याची पाने वरच्या बाजूने गडद हिरवी आणि खालच्या बाजूने पांढरट लव असलेली असतात. जनावरांना हिरवा चारा, चुलीला सरपण, शेतीच्या अवजारांना लाकूड आणि शेणखतात मिसळण्यासाठी पालापाचोळा या सर्व गरजा बांजच्या वनातून भागतात. बांजच्या वनाखालचे झरे दीर्घकाळ वाहतात, अशी पहाडी समाजाची दृढ धारणा आहे. अतिरिक्त फांदीतोड, चराई, वणवे आणि चीड पाइनचा विस्तार यांमुळे ही वने विरळ होत गेली आणि बांजच्या पुनर्लागवडीचा प्रश्न महत्त्वाचा बनला.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ओकच्या नव्या रोपाची पाण्याची गरज कशामुळे निर्माण होते, हे समजून घेणे.
२) रोपांना पाणी देण्यासंबंधी अन्य देशांत रूढ असलेल्या पद्धतींचा परिचय करून देणे.
३) डोंगरउतारावरील बांजच्या लागवडीत या पद्धतींच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) ओल राखण्याच्या स्थानिक उपायांचे महत्त्व विशद करणे.

३. ओकच्या रोपाची मुळे आणि पाण्याची गरज

ओकच्या फळात एकच बी असते. ते रुजताना प्रथम मूळ बाहेर पडते आणि सरळ खाली जाऊ लागते. बीजदले कवचातच राहतात आणि त्यांतील अन्नसाठ्यावर सुरुवातीची वाढ होते. जमिनीवर दोन-चार पाने दिसू लागतात, तोपर्यंत सोटमूळ बरेच खोल गेलेले असते. दीर्घ कोरड्या काळापूर्वी खालच्या थरातील ओल गाठणे, हा या वृक्षाचा जगण्याचा मार्ग आहे. वणव्याने किंवा चराईने वरचा शेंडा नष्ट झाला, तरी मूळ जिवंत असेल तर बुंध्याजवळून नवा कोंब फुटू शकतो. म्हणूनच ओकच्या रोपाची स्थिती जाणून घेताना शेंड्याच्या उंचीपेक्षा मुळांचा विचार अधिक आवश्यक असतो.

रोपवाटिकेत मात्र या स्वाभाविक वाढीला अडथळा येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तळाशी पोहोचलेले सोटमूळ वळते आणि पिशवीच्या कडेने त्याची गुंडाळी होते. असे रोप जमिनीत लावल्यावर त्याची सर्व मुळे पिशवीच्या आकाराच्या मातीच्या गोळ्यातच असतात. भोवतालच्या मातीत भरपूर ओल असली, तरी मुळे तेथपर्यंत पोहोचलेली नसतात. रोपवाटिकेतील माती भुसभुशीत असल्याने ती भोवतालच्या मातीपेक्षा लवकर सुकते. परिणामी खड्ड्याच्या कडेची माती ओली आणि रोपाची माती कोरडी, अशी विसंगत स्थिती निर्माण होते. लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेक रोपे याच कारणाने वाळतात.

जमिनीतून मोठे झाड उपटून दुसरीकडे लावल्यास अडचण आणखी वाढते. उपटताना त्याच्या शोषक मुळांचा फार मोठा भाग जुन्या जागीच राहतो. पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन चालू असते, परंतु पाणी शोषणारी मुळे तुटलेली असतात. पाण्याचा ताण वाढला की पर्णरंध्रे मिटतात. त्यामुळे पाण्याचा व्यय कमी होतो. परंतु कर्बग्रहणही थांबते आणि नवी मुळे तयार करण्यासाठी लागणारे अन्न कमी पडते. ताण फार वाढल्यास काष्ठवाहिन्यांतील पाण्याचा सलग स्तंभ तुटतो आणि शेंडे वाळू लागतात. नव्या लागवडीला पाणी देण्याचा उद्देश पाने टवटवीत दिसावीत एवढाच नसून नवी मुळे भोवतालच्या मातीत शिरेपर्यंत रोपाला आधार देणे, हा आहे.

४. 'वाफसा' ही संकल्पना

पाण्याचा अभाव जितका घातक, तितकाच पाण्याचा अतिरेकही घातक असतो. मुळांना श्वसनासाठी प्राणवायूची आवश्यकता असते. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, तर मुळे गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशींना अनुकूल स्थिती मिळते. मुळे कुजलेल्या रोपाचीही पाने कोमेजतात व पिवळी पडतात. लक्षणे पाण्याच्या अभावासारखीच दिसत असल्याने अशा रोपाला आणखी पाणी दिले जाते आणि ते अधिक लवकर मरते.

या संदर्भात मराठी शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातील 'वाफसा' हा शब्द अतिशय अर्थपूर्ण आहे. मातीतील मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथरून गेले आहे व तेथे हवा आहे, परंतु बारीक पोकळ्यांत मुळांना घेता येईल इतके पाणी शिल्लक आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. पाणी देण्याचा निर्णय तारखेवरून न घेता वाफशावरून घ्यावा, हे तत्त्व ओकच्या रोपालाही लागू पडते. रोपाच्या मुळांजवळची माती १० ते १५ सेंटिमीटर खोलीवर बोटाने अथवा लहान खुरप्याने तपासावी. ती हाताला थंड व ओलसर लागली आणि मुठीत दाबल्यावर तिचा गोळा झाला, तर पाण्याची घाई करू नये. माती भुरभुरीत व कोरडी लागल्यास पाणी द्यावे. पृष्ठभाग कोरडा दिसणे हे पाणी देण्याचे पुरेसे कारण नव्हे.

पाणी देताना ते थोडे थोडे रोज शिंपडण्याऐवजी अंतराने व खोलवर मुरेल असे द्यावे. रोज शिंपडलेले पाणी वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहते. तेथून ते उडून जाते आणि मुळेही वरच्याच थरात पसरतात. अशी उथळ मुळे उन्हाळ्यात प्रथम बाधित होतात. लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे मात्र या नियमाला अपवाद आहेत. त्या काळात मुळे मूळच्या गोळ्यातच असल्याने त्या गोळ्याला वारंवार पाणी देणे आवश्यक असते.

५. अन्य देशांतील पद्धती

ओकच्या रोपांना पाणी देण्याविषयी जे छापील मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग अमेरिका व ब्रिटन येथील उद्याने, रस्ते आणि कुरणे यांच्या अनुभवावर आधारलेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाची विस्तार सेवा नव्याने लावलेल्या झाडांना पहिले दोन आठवडे रोज, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांनी आणि त्यानंतर मुळे स्थिरावेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी देण्याची शिफारस करते. पाण्याचे प्रमाण खोडाच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे १ ते १.५ गॅलन, म्हणजे अंदाजे ४ ते ६ लिटर असावे, असे सांगितले जाते. झाड स्थिरावण्यास व्यासाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे एक वर्ष लागते, असा शीत प्रदेशातील ठोकताळा आहे. यावरून मोठे झाड आणून लावल्यास ते लवकर स्वावलंबी होते, ही समजूत चुकीची ठरते. आकार जितका मोठा, तितका परावलंबनाचा काळ दीर्घ असतो.

कॅलिफोर्नियात हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा पूर्ण कोरडा, असे हवामान आहे. तेथील कुरणांतील ओकच्या पुनर्लागवडीविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन झाले आहे. त्यातून रोपाभोवती सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ किमान दोन वर्षे तणमुक्त ठेवावे, अशी शिफारस पुढे आली. गवताची दाट मुळे वरच्या थरातील ओल वसंत ऋतूतच शोषून घेतात आणि ओकच्या रोपाला उन्हाळ्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून तेथे तण काढणे हाच पाणी देण्याचा एक प्रकार ठरतो. याच प्रदेशात मोठ्या झालेल्या स्थानिक ओक वृक्षांच्या बुंध्याशी उन्हाळ्यात सतत पाणी दिल्यास मुळकूज रोगाचा धोका वाढतो, असा इशाराही दिला जातो. लहानपणी जीवन देणारे पाणी प्रौढपणी अपायकारक ठरू शकते.

ब्रिटनमध्ये २०१४ साली वृक्षलागवडीविषयी बीएस ८५४५ हे मानक प्रसिद्ध झाले. रोपवाटिकेपासून परिसरातील स्वावलंबनापर्यंत, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. लागवड हा एक प्रसंग नसून रोपाला स्वावलंबी करण्याची प्रक्रिया आहे, ही दृष्टी त्या शीर्षकातूनच व्यक्त होते.

६. डोंगरउतारावरील वास्तव

वरील शिफारशी शास्त्रीयदृष्ट्या योग्य असल्या, तरी त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे नळ आणि पाण्याची गाडी. उत्तराखंडातील एखाद्या गावाच्या सामाईक जमिनीवर हे गृहीत टिकत नाही.

एक साधा हिशेब पाहता येईल. एक हेक्टर क्षेत्रावर बांजची १,००० रोपे लावली आणि प्रत्येक रोपाला एका वेळी केवळ २ लिटर पाणी द्यायचे ठरवले, तर २,००० लिटर पाणी लागेल. १५ लिटरच्या हंड्याने ते वाहून न्यायचे झाल्यास १३० हून अधिक खेपा होतात. या खेपा झऱ्यापासून वर, चढावर करायच्या असतात. पहाडी गावांत घरचे पाणी, चारा आणि सरपण आणण्याचा भार मुख्यतः स्त्रियांवर असतो. तेव्हा 'दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे' ही शिफारस व्यवहारात 'स्त्रियांनी दोन-तीन दिवसांनी १३० खेपा कराव्यात' असे रूप घेते. ज्या महिन्यांत रोपांना पाण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच एप्रिल ते जून या काळात झरेही क्षीण झालेले असतात. अशा वेळी घरची तहान आणि रोपाची तहान यांत निवड करावी लागली, तर रोप मागे पडणार हे उघड आहे. रोपे मेल्याचा दोष गावाच्या अनास्थेला देण्यापूर्वी हा हिशेब लक्षात घेणे न्याय्य ठरेल.

वार्षिक पावसाचा बहुतांश भाग मात्र मान्सूनच्या चार महिन्यांत याच उतारावर पडतो आणि वेगाने वाहून जातो. प्रश्न पाणी आणण्याचा कमी आणि आलेले पाणी रोपाजवळ थांबवण्याचा अधिक आहे.

७. उफरैंखालचा अनुभव

या दृष्टीने पौडी गढवाल जिल्ह्यातील उफरैंखाल परिसराचा अनुभव अभ्यसनीय आहे. चिपको आंदोलनाच्या काळात गोपेश्वर येथे विद्यार्थी असलेले सच्चिदानंद भारती पुढे उफरैंखाल येथे शिक्षक झाले. १९८२ साली त्यांच्या पुढाकाराने दूधातोली लोक विकास संस्थान स्थापन झाले आणि गावोगावच्या महिला मंगल दलांच्या साहाय्याने रोपवाटिका व वृक्षलागवडीचे काम सुरू झाले. १९८७ च्या तीव्र दुष्काळात लावलेली रोपे वाळू लागली. तेव्हा रोपांजवळ लहान खड्डे खणून त्यांत पावसाचे पाणी अडवण्याचा प्रयोग करण्यात आला.

या प्रयोगाला स्थानिक परंपरेचा आधार होता. पहाडात पाण्याच्या साठ्यांना आकारानुसार ताल, खाल आणि चाल अशी नावे होती. उफरैंखाल या गावाच्या नावातही 'खाल' हा शब्द आहे. साठे बुजले असले, तरी शब्द टिकून होते. उतारावर ठिकठिकाणी छोट्या चाल खणण्यात आल्या. त्यांत साठलेले पाणी हळूहळू मुरून खालच्या बाजूच्या रोपांच्या मुळांपर्यंत पोहोचते. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्डा एकदा भरला तर त्यात २५० लिटर पाणी मावते, आणि पावसाळ्यात तो अनेकदा भरतो. डोक्यावरून सोळा-सतरा हंडे वाहून नेण्याचे काम असा खड्डा प्रत्येक भरण्यात करतो.

पुढे वन वाढले आणि परिसरातील 'सूखा रौला' म्हणून ओळखला जाणारा कोरडा ओहोळ पुन्हा वाहू लागला. त्याला लोकांनी 'गाडगंगा' असे नाव दिले. या परिसरात ३० हजारांहून अधिक चाल-खाल झाल्याचा उल्लेख २७ जून २०२१ रोजीच्या 'मन की बात' या कार्यक्रमात करण्यात आला होता. ज्येष्ठ गांधीवादी लेखक अनुपम मिश्र यांनीही या कामाविषयी लिहिले आहे.

येथील राखणीची पद्धतही उल्लेखनीय आहे. घुंगरू बांधलेली 'खांकर' नावाची काठी घेऊन एक स्त्री दिवसभर वनाची राखण करते आणि संध्याकाळी ती काठी शेजारच्या दारात ठेवते. दुसऱ्या दिवशी राखणीची पाळी त्या घराची असते. पाणी मुरवणे आणि चराई रोखणे ही दोन्ही कामे एकत्र झाली, म्हणूनच लागवड टिकली. राखणीशिवाय पाणी किंवा पाण्याशिवाय राखण, यांपैकी कोणतेही एक पुरेसे झाले नसते.

८. संगोपनाचे ऋतुनिहाय टप्पे

वरील विवेचनाच्या आधारे बांजच्या लागवडीतील कामे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

८.१ बी आणि रोपवाटिका : ओकचे बी वाळले की त्याची रुजण्याची शक्ती नष्ट होते. म्हणून फळे पडल्याबरोबर गोळा करून ती सावलीत व ओलसर ठेवावीत आणि लवकर पेरावीत. पाण्यात टाकल्यावर तरंगणारी फळे बहुधा किडलेली किंवा पोकळ असतात. ती वेगळी काढावीत. पिशव्या उंच असाव्यात, म्हणजे सोटमुळाला खाली जाण्यास वाव मिळतो. ओकची मुळे सहजीवी बुरशीच्या मदतीने पाणी व क्षार शोषतात. त्यामुळे रोपवाटिकेच्या मातीत जुन्या बांजवनातील थोडी माती मिसळणे उपयुक्त असते.

८.२ लागवड (जुलै) : पावसाने माती खोलवर भिजल्यानंतरच लागवड करावी. पिशवी पूर्ण काढावी आणि गुंडाळी झालेली मुळे मोकळी करावीत किंवा छाटावीत. जेथे खोड संपून मूळ सुरू होते, तो भाग जमिनीच्या पातळीवर राहिला पाहिजे. रोप खोल पुरल्यास खोड कुजण्याचा संभव असतो, तर उंच राहिल्यास मुळे उघडी पडतात. उतारावर रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालून आळे करावे, म्हणजे वरून येणारे पाणी तेथे थबकते. सपाट जागी मात्र खोडाशी पाणी तुंबणार नाही, याची दक्षता घ्यावी.

८.३ पावसातील खंड (ऑगस्ट-सप्टेंबर) : पावसाने ओढ दिल्यास नव्या रोपांना हाताने पाणी द्यावे लागते. वर्षातील सर्वांत फलदायी पाणी हेच होय, कारण या वेळी मुळे वाढत असतात आणि झरेही वाहते असतात.

८.४ ओल बंदिस्त करणे (सप्टेंबर-ऑक्टोबर) : पाऊस संपण्यापूर्वी रोपाभोवतीचे तण खुरपून काढावे आणि ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. कोरड्या मातीवर घातलेल्या आच्छादनाचा उपयोग कमी होतो. माती ओली असतानाच ते घातले पाहिजे. यासाठी बांजची पाने उत्तम असतात. चीड पाइनच्या सुया मात्र सहज पेट घेतात. २०१६ आणि २०२४ मधील उत्तराखंडातील मोठे वणवे लक्षात घेता त्यांचा वापर टाळणे श्रेयस्कर ठरते.

८.५ हिवाळा : आच्छादन काढू नये. त्यामुळे मुळांचे दहिवरापासून रक्षण होते. चारा दुर्मीळ झाल्याने या काळात चराईचा धोका वाढतो. दगडांचा आडोसा किंवा काटेरी फांद्यांचे कुंपण दुरुस्त ठेवावे. ब्रिटनमध्ये १९७९ साली ग्रॅहम ट्यूली यांनी ओकच्या रोपांसाठी प्लॅस्टिकच्या संरक्षक नळ्यांचा वापर सुरू केला. काटेरी कुंपण हा त्याचाच स्वस्त व स्थानिक पर्याय होय.

८.६ उन्हाळा (मार्च-जून) : वाफसा तपासून, जेथे शक्य असेल तेथे सकाळी किंवा सायंकाळी पाणी द्यावे. सर्व रोपांना पुरेसे पाणी नसल्यास सर्वांना थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दक्षिण उतारावरील आणि उथळ मातीतील रोपांना प्राधान्य द्यावे, कारण तेथील माती प्रथम सुकते. पाने वाळलेले रोप लगेच मृत समजू नये. पाऊस पडल्यावर ते बुंध्यातून पुन्हा फुटू शकते.

८.७ दुसरे आणि तिसरे वर्ष : पुढील पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भराव्यात, परंतु त्यापूर्वी रोप का मेले याची नोंद करावी. कारण न शोधता भरलेली नांगी पुढील वर्षी पुन्हा रिकामी होण्याची शक्यता असते. पाणी एकदम बंद न करता दोन पाण्यांमधील अंतर क्रमाने वाढवावे, म्हणजे मुळे खोल जाण्यास प्रवृत्त होतात.

९. महाविद्यालयीन वृक्षलागवडीच्या दृष्टीने

महाराष्ट्रात ओक लावण्याचे प्रयोजन नाही. येथे वड, कडुनिंब, करंज, बेहडा यांसारखे स्थानिक वृक्षच योग्य ठरतात. तथापि चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे ऋतुचक्र उत्तराखंडाशी बरेच मिळतेजुळते आहे. त्यामुळे आळे, आच्छादन, वाफसा आणि पावसाळ्यातच पाणी मुरवणे ही तत्त्वे येथेही लागू पडतात. राज्यात १ जुलै २०१६ रोजी २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली होती. अनेक महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी या उपक्रमांत सहभाग घेतला. ही सर्व उद्दिष्टे लागवडीच्या भाषेत मांडलेली होती. जगवणुकीचे उद्दिष्ट त्याच ठळकपणे मांडले जाणे आवश्यक आहे.

महाविद्यालयाच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. लागवड जुलैमध्ये, म्हणजे वर्ग नुकतेच भरलेले असताना होते. रोपांना पाण्याची निकड मे महिन्यात, म्हणजे परिसर सुट्टीमुळे ओस पडलेला असताना भासते. रोपांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण या वेळापत्रकातच दडलेले असू शकते. त्यावर उपाय म्हणजे सुट्टीत ज्यांच्याकडे पाणी देण्याची निश्चित जबाबदारी आहे, तितकीच रोपे लावणे. सच्छिद्र मातीचे मडके रोपाशेजारी पुरून भरून ठेवण्याची मटका सिंचन पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. प्रत्येक रोपाची क्रमांकानुसार नोंदवही ठेवावी आणि लागवडीनंतर बारा व छत्तीस महिन्यांनी जिवंत रोपांची मोजणी करून ती वार्षिक अहवालात लावलेल्या रोपांच्या संख्येशेजारी छापावी.

१०. निष्कर्ष

१) ओकच्या नव्या रोपाची पाण्याची समस्या ही मूलतः मुळांची समस्या आहे. मुळे भोवतालच्या मातीत स्थिरावेपर्यंत रोप परावलंबी असते.
२) पाणी देण्याचा निर्णय वेळापत्रकापेक्षा वाफशावरून घेणे अधिक शास्त्रीय आहे. पाण्याचा अतिरेकही रोपास मारक ठरतो.
३) नळाच्या पाण्यावर आधारलेल्या शिफारशी डोंगरउतारावर जशाच्या तशा लागू केल्यास त्यांचा भार स्थानिक स्त्रियांच्या श्रमांवर पडतो.
४) चाल-खाल, अर्धचंद्राकृती आळे, वेळेवर केलेली खुरपणी आणि ओल्या मातीवरील आच्छादन यांमुळे पावसाचेच पाणी मुळांजवळ राखता येते.
५) राखणीची सामूहिक व्यवस्था नसेल, तर पाण्याची उत्तम सोयही निष्फळ ठरते.
६) लागवडीचे मूल्यमापन लावलेल्या रोपांऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांवरून व्हावे.

सारांश, जितक्या रोपांना तीन उन्हाळे पार करवून देण्याची व्यवस्था आहे, तितकीच रोपे लावणे हे वृक्षलागवडीचे व्यवहार्य परिमाण होय. शंभर रोपे लावून दहा जगवण्यापेक्षा वीस लावून अठरा जगवणे, हे पाण्याच्या, श्रमाच्या आणि वनाच्या अशा तिन्ही दृष्टींनी अधिक हिताचे आहे.